वर्तकांच्या गाडीचं नाक

"घरातून निघालो काय नि पोचलो काय, मधे कलकत्ता कधी आलं आणि कधी गेलं, पत्ता लागला नाही. फिल्टर बदलल्यापासून गाडी नुसती उडते," असं बालीगंजला सोवनींच्या दारात चपला काढता काढता श्रीकांत वर्तकांनी जाहीर केलं आणि आत पाऊल टाकलं. आत सोफ्यावर त्यांची मुलगी नूपुर बसली होती. गाडीत बसायला तिने साफ नकार दिला होता. बेहालाच्या घरातून ती आईवडिलांच्या नंतर निघाली, मेट्रोने माजेरहाटला आली, तिथे बजबजकडून येणारी लोकल धरून बालीगंजला उतरली, तिथून चालत आली, आणि आता बशीतला शेवटचा चिरोटा संपवत होती.

वर्तकांच्या मागून अलकाताई आल्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि कानातले कापसाचे बोळे काढून पर्समध्ये टाकले.

"ट्रॅफिक होता," वर्तक म्हणाले.

वर्तक एका सरकारी बँकेत अधिकारी. बदली होऊन कलकत्त्याला आले आणि पुढची बदली यायची विसरली, म्हणून इथलेच झाले. गाडी जुनी, पेट्रोलची, चंदेरी रंगाची. तिच्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नव्हती आणि कौतुकही नव्हतं. हे दुसरं वर्तकांना सलत होतं. मग एकदा इंटरनेटवर त्यांना तो फिल्टर दिसला. इंजिनात जाणारी हवा गाळायला कंपनी एका काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात घडी घातलेला कागद घालून देते. हा फिल्टर कापसाचा, तेल लावलेला, लाल चुटुक, आणि आकाराने अगदी कळ्या पाडलेल्या मोदकासारखा. खोक्यावर लिहिलं होतं की याने ताकद वाढते, मायलेज वाढतं, आणि हा जन्मभर टिकतो, फक्त अधूनमधून धुऊन तेल घालायचं. बँकेत लोकांच्या अर्जावरचा एक शब्द खरा न मानणाऱ्या वर्तकांनी त्या खोक्यावरचं अक्षर न् अक्षर खरं मानलं.

त्यांनी काळा डबा काढला आणि मोदक उघडाच नळीवर चढवला. त्या दिवसापासून पाय दाबला की गाडी म्हशीसारखी रेकायला लागली. सोसायटीतली मांजरं गाडीखाली झोपायची ती उठून गेली. "बघ, इंजिनाचं नाक मोकळं झालं," वर्तक म्हणाले. अलकाताईंनी तो रिकामा डबा बाल्कनीत नेला आणि त्यात कोथिंबीर लावली.

आता बालीगंजला सगळे जमले होते ते लग्नाची तारीख काढायला. नूपुर आणि सोवनींचा मंदार सॉल्ट लेकला एकाच ऑफिसात. दोघांनी एकमेकांना पसंत केलं तेव्हा समोरचं माणूस मराठी आहे हे दोघांनाही बऱ्याच उशिरा कळलं, कारण दोघं इथेच वाढलेली आणि एकमेकांशी बोलायची ती बंगालीत. मराठी दोघांनी आईवडिलांपुरतं ठेवलं होतं. एवढ्या मोठ्या शहरात पोरांनी आपण होऊन मराठी घर शोधलं याचा दोन्हीकडच्यांना इतका आनंद झाला होता की अडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घाई एवढीच होती की थंडी संपली की मंदारला कंपनी परदेशी पाठवणार होती. लग्न मार्गशीर्षातच व्हायला हवं होतं, नाहीतर थेट पुढच्या वर्षावर गेलं असतं. आणि मार्गशीर्ष म्हणजे बंगाल्यांचा अघ्राण. त्या महिन्यात इथे माणसं सोडाच, हॉलसुद्धा मोकळा सापडत नाही. एका हॉलवाल्याने मंदारसाठी एक तारीख धरून ठेवली होती, पण दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंतच.

निर्मलाकाकूंनी, म्हणजे मंदारच्या आईने, पंचांग आणलं. ते उघडणार इतक्यात गुरुदत्त सोवनींनी विचारलं, "वर्तक, तो खालचा आवाज तुमच्या गाडीचा का?"

सोवनी एका सरकारी कारखान्यात मशिनं सांभाळून निवृत्त झालेले. मोजल्याशिवाय काही मानायचं नाही हा त्यांचा स्वभाव. चहात साखर घालताना चमचा बोटाने सपाट करायचे. वर्तकांनी मोठ्या उत्साहाने त्यांना मोदकाची सगळी माहिती दिली. सोवनींनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "गाडी बनवणाऱ्यांनी कागद घातला, तो काय घरात रद्दी उरली होती म्हणून?"

"कंपनीला स्वस्तात काम भागवायचं असतं हो."

"आणि तुमचा मोदक उघड्यावर, इंजिनाच्या शेजारी. म्हणजे गरम हवा ओढणार. गरम हवेत दम नसतो. वर्तक, तुमच्या गाडीचा वेग वाढलेला नाही, आवाज वाढलाय. आवाज वाढला की लोकांना वाटतं वेग वाढला. आमच्या कारखान्यात कितीतरी माणसं अशीच वरच्या पोस्टवर गेली."

हे शेवटचं वाक्य वर्तकांना उगाचच लागलं. ते म्हणाले की मायलेज वाढलंय. सोवनींनी विचारलं, कितीने. वर्तक म्हणाले, जाणवतं. सोवनी म्हणाले, जाणवणं हे माप कुठल्या काट्यावर असतं. निर्मलाकाकूंनी पंचांग मांडीवरून टेबलावर ठेवलं. नूपुरने मंदारकडे पाहिलं आणि मंदारने छताकडे. आणि मग, कुणी मागितलेलं नसताना, वर्तक बोलून गेले: "सिद्ध करून दाखवतो. सिद्ध झाल्याशिवाय तारखेचं नाव काढायचं नाही. माझा शब्द."

"ठीक," सोवनी म्हणाले. दिलेला शब्द परत घेता येतो ही गोष्ट त्यांच्या कारखान्यात नव्हती.

परतीच्या वाटेवर नूपुरही गाडीत बसली, कारण तिला बोलायचं होतं. पण गाडीच्या रेकण्यात तिचं बोलणं काही ऐकू गेलं नाही, आणि वर्तकांना हा फिल्टरचा आणखी एक गुण वाटला.

चाचणी दसऱ्याला करायची ठरली. सीमोल्लंघन म्हणून शहराची हद्द ओलांडायचीच होती, मग दोन्ही घरांनी मिळून बजबजला नदीकाठी जायचं, श्रीखंड-पुरी खायची आणि सोनं वाटायचं. आपट्याची झाडं इथे मिळत नाहीत, म्हणून मराठी मंडळी कांचनाची पानं वाटतात, आपट्याची चुलत बहीण म्हणून. जाताना वर्तकांच्या गाडीत कापसाचा मोदक, येताना कंपनीचा कागद. रस्ता तोच, माणसं तीच, आणि निघताना बेहालाच्या पंपावर, पोचल्यावर बजबजच्या आणि परतल्यावर पुन्हा बेहालाच्या पंपावर टाकी काठोकाठ भरून पाहायची. ज्याला पेट्रोल कमी लागेल तो फिल्टर खरा. मग तिथेच तारीख सांगून हॉलवाल्याला फोन.

अलकाताई म्हणाल्या की दसऱ्याला इथे देवीचं विसर्जन असतं, त्या दिवशी शहाणा माणूस गाडी बाहेर काढत नाही. वर्तक म्हणाले की विसर्जनाची गर्दी शहरात गंगेकडे जाते आणि आपण चाललोय शहराबाहेर.

"बजबजला पण गंगाच आहे, बाबा," नूपुर म्हणाली.

दसऱ्याच्या सकाळी वर्तकांनी गाडीची पूजा काढली. कलकत्त्यात गाड्यांची पूजा होते ती विश्वकर्मा पूजेला, दसऱ्याच्या किती तरी आधी. त्यामुळे दसऱ्याला हार घातलेली गाडी सबंध बेहालात ती एकटीच असायची. एरवी झेंडूचा हार आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक एवढ्यावर भागायचं. पण या वर्षी चाचणी होती. वर्तकांनी पुढच्या बाजूला डावी-उजवीकडे केळीचे खुंट बांधले, आंब्याच्या डहाळ्या लावल्या, आणि मग बॉनेट उघडलं.

"आता याची," ते मोदकाकडे बोट दाखवून म्हणाले.

खोक्याबरोबर तेलाची एक छोटी लाल बाटली आली होती. कळीकळीवर थेंब थेंब सोडायचे असं तिच्यावर लिहिलं होतं. फिल्टर धुऊन वाळवलेला होताच. वर्तकांनी बाटलीचं बूच काढलं आणि ती उपडी केली.

"अहो, थेंबाने घालायचं लिहिलंय ना?"

"सणाच्या दिवशी पोराला कुणी थेंबाने तेल लावतं का?"

बाटली रिकामी झाली. मोदक चकचकीत दिसायला लागला आणि त्याच्यातून तेल खालच्या नळीत ओघळायला लागलं. अलकाताईंनी हळदीकुंकवाची करंडी आणली आणि फिल्टरच्या कडेच्या रबराला बोटभर हळदकुंकू लावलं. वर्तकांना ते पटलं नाही. ते म्हणाले, हे गाडीचं नाक आहे, आणि नाकाला गंध लावायचं तर असं कानाच्या पाळीला लावून कसं चालेल. त्यांनी करंडीत हात घातला, चांगली मूठभर हळद घेतली आणि मोदकावर सोडली. मागोमाग कुंकू. तेलावर ते असं काही बसलं की वाऱ्यानेही हललं नसतं. अक्षता कळ्यांच्या आत जाऊन रुतल्या. निरांजन मात्र त्यांनी लांबूनच ओवाळलं, कारण तेलाजवळ ज्योत नेऊ नये एवढं ज्ञान त्यांना होतं.

दुपारी दोन्ही गाड्या पंपावरून निघाल्या. पुढे सोवनींची गाडी. ती मंदार चालवत होता आणि तिच्यात नूपुर, दोन्ही आया आणि श्रीखंडाचा डबा. मागे चाचणीची गाडी, वर्तक चालवणार आणि सोवनी शेजारी. सोवनींच्या मांडीवर कंपनीचा काळा डबा होता, आत कागदाचा नवा फिल्टर. कोथिंबीर अलकाताईंनी उपटून दिली होती, पण डबा धुवायला त्या विसरल्या होत्या, आणि सोवनींच्या पांढऱ्या पायजम्यावर माती पडत होती.

गाडी आवाज तर जोरात करत होती, पण सरकत होती जेमतेम. सायकलवाले पुढे जात होते. मंदारची गाडी दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने समोरच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला.

"हा काय?" सोवनींनी विचारलं.

"ताकद जास्त झाली की लागतो," वर्तक म्हणाले. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण त्यांना ते मनापासून सुचलं.

बजबजच्या वाटेवर गाडीला उचक्या लागल्या. मग कुठून तरी वास यायला लागला. सोवनींनी दोनदा नाक वर केलं.

"काहीतरी शिजतंय, वर्तक."

"पुऱ्यांचा वास असेल."

"पुऱ्या त्या गाडीत आहेत. हा फोडणीचा आहे."

त्यावर वर्तकांनी खिडकीची काच खाली केली, आणि फोडणीच्या वासात ढाकाचा, म्हणजे बंगाली ढोलाचा, आवाज मिसळला. बजबज आलं होतं. समोरच्या गल्लीतून एका क्लबची, म्हणजे आपल्याकडच्या मंडळाची, मिरवणूक मोठ्या रस्त्यावर येत होती: पुढे दिव्यांची कमान, मग ढाक वाजवणारे, मग ट्रकवर देवी, मग नाचणारी मंडळी. मागून दुसऱ्या क्लबचा ट्रक येऊन टेकला होता. वर्तकांनी ब्रेक दाबला आणि पाय सोडला तेव्हा गाडीने एक लांब उसासा टाकला आणि ती बंद पडली. किल्ली फिरवली की आत काहीतरी खोकायचं आणि गप्प व्हायचं.

शिट्टी वाजवत एक स्वयंसेवक धावत आला. रस्ता अडवला म्हणून तो ओरडणारच होता, पण त्याने झेंडूचा हार पाहिला, केळीचे खुंट पाहिले, बॉनेटवरचं कुंकू पाहिलं, आणि त्याचा आवाज एकदम उतरला. दशमीला एवढी सजलेली गाडी रस्त्यावर आली म्हणजे ती घाटावरच चालली असणार, हे त्याला सांगावं लागलं नाही. कुठला क्लब, असं त्याने बंगालीत विचारलं. वर्तकांचं बंगाली बँकेतलं. कर्ज, हप्ता, जामीनदार, आधारकार्ड एवढ्यापुरतं ते अस्खलित होतं आणि त्याच्या बाहेर गेलं की मुकं व्हायचं. त्यांना बरंच काही सांगायचं होतं, पण तोंडातून फक्त "महाराष्ट्र" बाहेर पडलं.

स्वयंसेवकाने मान डोलावली, मागच्या ट्रकला थांबायचा हात केला आणि महाराष्ट्राला रांगेत घेतलं. गाडी बंद आहे असं दिसल्यावर पोरांनी मागून हात लावले आणि ढाकाच्या तालावर ती ढकलायला सुरुवात केली. आता पुढे देवी, मागे देवी, दोन्ही बाजूंना माणसं, आणि मधे स्टिअरिंग धरून वर्तक.

दोन वळणं मागे पडली. मग वर्तकांचं लक्ष पेट्रोलच्या काट्याकडे गेलं.

"सोवनीसाहेब, काटा बघा."

"बघितला."

"किती वेळ चाललोय आपण, आणि केसभर हललेला नाही. याला काय म्हणाल?"

"याला ढकलणं म्हणतात."

"पण अंतर कापलं की नाही? चाचणी पेट्रोलची आहे. ढकलायचं नाही अशी अट तुम्ही घातली नव्हती."

सोवनींनी विचार केला. अट खरंच नव्हती. ते अस्वस्थ झाले, कारण या हिशोबाने कापसाचं मायलेज कुठल्याही आकड्यात मावेना. वर्तकांना बालीगंजनंतर पहिल्यांदाच बरं वाटलं, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. नूपुर होती. ती घाटावर पोचून श्रीखंडाच्या डब्यावर राखण करत बसली होती. ढाकाच्या आवाजातही तिचा शब्द न् शब्द कळत होता.

"बाबा, हॉलवाल्याचा फोन आला होता. दिवेलागणीला तो तारीख दुसऱ्याला देणार. कुणीतरी त्याच्यासमोर पैसे घेऊन बसलंय. तुम्ही माझं लग्न लावताय की त्या फिल्टरचं?"

"पोचतोच आहोत," वर्तक म्हणाले.

"कशाने?"

फोन बंद झाला. बाहेर ऊन उतरत होतं आणि एक म्हातारी येऊन बॉनेटला हात लावून नमस्कार करून गेली. वर्तकांनी काट्याकडे परत एकदा पाहिलं. नूपुर लहान असताना तिला पोहायला शिकवतो म्हणून त्यांनी असंच काहीतरी जाहीर केलं होतं आणि शेवटी दोघांनाही तळ्याच्या रखवालदाराने बाहेर काढलं होतं. तेव्हाही ती रडली नव्हती. फक्त "कशाने" असंच काहीसं विचारलं होतं.

"सोवनीसाहेब," वर्तक म्हणाले, "तुमचा कागद बरा. माझा मोदक वाईट. ताकद नाही, मायलेज नाही, आहे तो सगळा आवाज. मी हरलो. आता तारीख सांगून टाका."

आयुष्यात इतकं सरळ वाक्य ते पहिल्यांदाच बोलले होते. सोवनींच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं त्यांना वाटलं. तो दिसला नाही.

"असं कसं? परतीची फेरी झालेली नाही. कागद अजून लावलासुद्धा नाही."

"अहो, पण मी हरलोय म्हणतो ना."

"तुमच्या म्हणण्यावर तुम्ही जिंकत नव्हता, मग तुमच्या म्हणण्यावर मी कसा जिंकू? आकडा आल्याशिवाय मी जिंकत नसतो, वर्तक."

वर्तकांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. हॉर्न वाजला. मिरवणुकीला तो आवडला आणि पोरांनी ओरडून दाद दिली.

त्या आवाजाने क्लबचे सेक्रेटरी वळून आले. धिप्पाड माणूस, कुर्त्यावर बिल्ला आणि हातात माईक. त्यांनी खिडकीत वाकून पाहिलं आणि महाराष्ट्रातले आपले बांधव स्वतःची मिरवणूक घेऊन आले आहेत, असं माईकवरून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मग त्यांनी आत मूर्ती शोधली. आत सोवनी होते, ताठ बसलेले, मांडीवर डबा घेऊन. सेक्रेटरींनी दार उघडून त्यांना आदराने बाहेर काढलं आणि ढाकवाल्यांना खूण केली.

दशमीला ढाकासमोर उभं राहून नाचायचं नाही असं इथे कुणाला जमत नाही. सोवनींनाही जमलं नाही. त्यांना नाच येत नव्हता, पण साताऱ्याच्या शाळेत ते लेझीम खेळले होते. पाय आपोआप पडायला लागले: दोन पुढे, एक मागे, खाली वाकून वर. हातात लेझीम नव्हती म्हणून त्यांनी डबाच हलवला. आत कागदाचा फिल्टर खडखडला आणि माती उडाली. पोरांनी ती पावलं तेवढ्यात उचलली, आणि बघता बघता बजबजच्या रस्त्यावर अख्खा क्लब साताऱ्याची लेझीम खेळायला लागला. गाडीत बसून वर्तक ते पाहत राहिले. सोवनींना हसताना त्यांनी याआधी पाहिलं नव्हतं.

ढाक थांबल्यावर सेक्रेटरींनी धापा टाकणाऱ्या सोवनींना विचारलं, गाडीतले गृहस्थ तुमचे कोण.

"व्याही," सोवनी म्हणाले, आणि लगेच, "म्हणजे होणारे."

"बेयाई!" सेक्रेटरी आनंदाने ओरडले, कारण बंगालीतही जवळजवळ तेच म्हणतात. त्यांनी माईकवर सांगितलं की महाराष्ट्रात लग्न ठरलंय. बायकांनी जिभा हलवून उलुध्वनी केला. मग सेक्रेटरींनी विचारलं, कधी, आणि माईक सोवनींच्या तोंडासमोर धरला.

गर्दी शांत झाली. मागच्या ट्रकवरचे लोकही वाकून ऐकायला लागले. सोवनींचं बंगाली भाजीबाजारापुरतं. वांगी ताजी आहेत का, पडवळ कसं दिलं, एवढं त्यांना नीट विचारता यायचं. हवा गाळायच्या फिल्टरची एक फेरी झाली असून दुसरी बाकी आहे, आणि ती होऊन आकडा हातात आल्याखेरीज तारीख सांगता येत नाही, हे सांगण्याइतकं ते पुरणारं नव्हतं. माईक तोंडासमोरच होता. सगळं बजबज वाट पाहत होतं.

सोवनींनी हॉलवाल्याने धरून ठेवलेली तारीख सांगितली. "मार्गशीर्षात," ते खाली मान घालून म्हणाले.

"अघ्राण, अघ्राण," वर्तकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून भाषांतर केलं. ढाक परत सुरू झाले. कुणीतरी दोघांच्या तोंडात संदेश, म्हणजे इथली छेन्याची मिठाई, कोंबला.

माईकचे भोंगे रस्त्याकडेच्या खांबांवर थेट घाटापर्यंत लावलेले होते. त्यामुळे नूपुरला आपल्या लग्नाची तारीख श्रीखंडाच्या डब्यावर बसल्या बसल्या कळली, सासऱ्याच्या आवाजात, आणि पाठोपाठ वडिलांच्या. तिने मंदारकडे पाहिलं. मंदारने हॉलवाल्याला फोन लावला. दिवे अजून लागायचे होते.

गाडी घाटावर पोचली तेव्हा पोरांनी ती इतर ट्रकांबरोबर ओळीत नीट उभी केली आणि वर्तकांशी हात मिळवून आपल्या देवीकडे गेली. दोन्ही घरं काठावर एकत्र झाली. कांचनाची पानं वाटली गेली. निर्मलाकाकू आणि अलकाताईंनी एकमेकींना हळदकुंकू लावलं. वर्तकांनी करंडीकडे जरा संशयाने पाहिलं, पण का ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. नूपुर वडिलांच्या पाया पडली आणि उठताना म्हणाली, "हॉलवाला हो म्हणाला. आता फिल्टरचं नाव काढू नका, बाबा."

"नाही काढत," वर्तक म्हणाले, आणि या वेळी त्यांनी शब्द पाळायचं मनाशी ठरवलं.

नाव काढलं ते सोवनींनी. श्रीखंड-पुरी झाल्यावर हात धुऊन त्यांनी डबा उचलला. निर्मलाकाकू म्हणाल्या की आता कशाला, तारीख तर दिलीत. सोवनी म्हणाले की तारीख लोकांनी विचारली म्हणून दिली. परतीची फेरी मी माझ्यासाठी करणार आहे. मोदक काढायचा, कागद लावायचा, गाडी चालू करायची आणि पंपावर जाऊन आकडा घ्यायचा. वर्तकांना त्यात काही अडचण दिसली नाही. मोदक काढायचाच होता. सगळेच मग गाडीकडे निघाले.

घाटावर नगरपालिकेची एक क्रेन काम करत होती. देवीचं विसर्जन झालं की पाणी घाण होऊ नये म्हणून बांबू-पेंढ्याचा सांगाडा लगेच वर काढायचा आणि ट्रकवर टाकून कचरा डेपोला पाठवायचा, अशी इथली पद्धत. एक एक क्लब आटोपत होता आणि ओळ भराभर पुढे सरकत होती. वर्तकांची गाडी जिथे उभी होती तिथे आता मागच्या क्लबचा ट्रक उभा होता. खाली झेंडूच्या पाकळ्या आणि केळीचं एक पान पडलं होतं.

शिट्टीवाला स्वयंसेवक तिथेच होता. वर्तकांनी त्याला हातांनी गाडीचा आकार करून दाखवला. त्याने ओळखलं आणि काळजी करू नका असं सांगितलं. महाराष्ट्राचं सगळं व्यवस्थित पार पडलं होतं. सांगाडा क्रेनने उचलला, ट्रकवर चढवला, आणि ट्रक मघाशीच गेला. जरा जड लागला, एवढीच क्रेनवाल्याची तक्रार होती.